पुण्याच्या शनिवार पेठेतल्या काकांनी वाकलेल्या बास गिटारचा नेक (दांडा) सरळ करून दिला, त्याचा अनुभव

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ईची, म्हणजे सगळ्यात जाड, तार पाच मिलिमीटर वर होती. ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे साधारण दोन-अडीच मिलिमीटर असली की हात सुखात चालतो. मला ती तार दाबायला दोन बोटं लागत होती, आणि दाबली तरी सूर चढायचा, कारण इतक्या वरून खाली आणली की तार ताणली जाते आणि स्वर जागेवर राहत नाही.

बास दादाचा. २००९ मध्ये कॉलेजच्या बँडसाठी सेकंडहँड घेतलेला, चार तारांचा, मेपलचा नेक आणि वर शिसवीचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली पट्टी). मग दादा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि बास आमच्या सिंहगड रोडच्या घरी माळ्यावर गेला, तो सहा वर्षं तिथेच. वर थेट स्लॅब, एप्रिल-मेमध्ये तो माळा इतका तापतो की आई तिथे मेणबत्त्या पण ठेवत नाही, आणि तारा कोणी सैल केलेल्याच नव्हत्या. चार तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते, म्हणजे गव्हाचं दीड पोतं त्या लाकडाला सतत एकाच बाजूला ओढतंय, आणि वरून भट्टीसारखी उष्णता. नेकला बाक आला नसता तरच नवल.

मागच्या मेमध्ये ऑफिसच्या पाच जणांनी वाजवायचं ठरवलं, बासवाला कोणी नव्हता, म्हणून मी तो खाली काढला. आधी एका दुकानात नेला, नाव लिहिणार नाही. तिथल्या मुलाने बास ट्यून पण केला नाही, ड्रॉवरमधली एक ॲलन की (षटकोनी किल्ली) काढून हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या, भोकात घातली, ती आत ढिली बसत होती हे मला समोरून दिसत होतं, पण तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं म्हणून बोलले नाही. त्याने जोर लावला, की सटकली, परत जोर लावला, परत सटकली. मग ब्रिजवरचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांच्यावर टेकतात ते तुकडे) तळापर्यंत खाली केले. तार खाली आली खरी, पण सातव्या फ्रेटच्या पुढे जिथे हात ठेवाल तिथे खरखर सुरू झाली आणि वरचे फ्रेट तर वाजेचनात. शेवटी "नेक गेलाय मॅडम, याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या" असं सांगितलं आणि चारशे रुपये घेतले. मी घरी येऊन खरंच रडले, कारण दादाने तो बास घ्यायला वर्षभर शिकवण्या घेतल्या होत्या.

काकांचा पत्ता आमच्या ड्रमरने दिला. ओंकारेश्वराच्या बाजूला शनिवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या अंगाला एक खोली आहे, बोर्ड नाही, आणि नाव टाकू नका असं त्यांनी स्वतः सांगितलंय कारण एकटेच काम करतात आणि जास्त माणसं आली तर जमणार नाही. म्हणून इथे फक्त काका. भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं. ते खोलीत शिरल्या शिरल्या कळतं. भिंतीवर रंधे, कानशी, सी क्लॅम्प सगळं ओळीने, आणि खिडकीजवळ एक जाड लोखंडी सरफेस प्लेट, तिच्यावर स्वच्छ फडकं घातलेलं.

मी सगळं एका दमात सांगायला लागले तर म्हणाले, "ताई, थांबा. आधी सुरात लावा."

बास सुरात आल्याशिवाय ते नेककडे बघतच नाहीत. तारांची ओढ पूर्ण असताना नेक कसा उभा राहतो तेच बघायचं असतं ना, सैल तारांवर मोजून काय उपयोग. मग त्यांनी बॉडीकडची बाजू खांद्याला लावून, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसं नेकवरून पाहिलं. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, मला शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायला सांगितली, म्हणजे ताणलेली तारच पट्टी झाली, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये फिलर गेजच्या पात्या घालून बघितल्या. तोच फिलर गेज हां, स्कूटरचे टॅपेट सेट करताना गॅरेजवाला वापरतो तो. १.१ मिलिमीटर. पाहिजे किती, तर ०.३ च्या आसपास. फेंडर कंपनी त्यांच्या बाससाठी फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे एक इंचाच्या हजार भागांपैकी दहा ते चौदा भाग सांगते, म्हणजे पाव ते साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. आमचा जवळजवळ चौपट.

मी विचारलं की शून्यच का नाही करायचं, एकदम सरळ. त्यावर त्यांनी ईची तार जोरात छेडली आणि बाजूने बघायला सांगितलं. तार मधोमध सगळ्यात जास्त झुलते, दोन्ही टोकांना जवळपास नाहीच. मोकळी ई सेकंदाला ४१ वेळा झुलते आणि ती तार जाड, तिला पोटात जागा लागते, म्हणून नेकला अगदी किंचित खोलगटपणा ठेवायचा. पट्टीसारखा सरळ केला तर खालच्या फ्रेटवर खरखरणार. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं पण डोळ्याने बघितल्यावर डोक्यात बसलं.

नंतर दोन सारख्या उंचीच्या लाकडी पट्ट्या, एक वरच्या टोकाला आडवी आणि एक बॉडीजवळ आडवी, आणि एकीच्या वरून दुसरी बघायची. दोन्ही समांतर दिसल्या. "पीळ नाहीये. नुसता बाक आहे. पीळ असता तर मी हातच लावला नसता." हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण आतला रॉड फक्त पुढे-मागे वाकवू शकतो, नेक जिलबीसारखा पिळला असेल तर रॉड कितीही फिरवा, काही होत नाही.

रॉडबद्दल थोडं. नेकच्या आत लांबीभर एक स्टीलची सळई असते, ट्रस रॉड. तारा नेकला पुढे ओढतात, रॉड आवळला की तो नेकला मागे खेचतो, दोघांची बरोबरी झाली की नेक जागेवर. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये याचं पेटंट मिळालं, म्हणजे शंभर वर्षं झाली आणि कल्पना अजून तीच आहे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की आवळतो आणि बाक कमी होतो, उलट फिरवलं की सैल. बासला हा रॉड साध्या गिटारपेक्षा जास्त कामाला लागतो, कारण लिओ फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बासपासून नट (वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) ते ब्रिज अंतर ३४ इंच हेच माप बहुतेकांनी धरलंय, गिटार पंचवीस-साडेपंचवीसची. इतका लांब दांडा, वर जाड तारा.

आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात (त्या दुकानातला मुलगा पण): रॉड हा तारांची उंची कमी करायचा स्क्रू नाही. उंची सॅडलवर. रॉड फक्त बाकासाठी. बाक तसाच ठेवून सॅडल खाली नेले की पुढच्या फ्रेटवर तार घासणारच, माझं तेच झालं होतं.

काकांनी झाकण काढून टॉर्चने आत बघितलं आणि पहिल्यांदाच थोडे वैतागले. रॉडच्या नटच्या आतल्या सहापैकी तीन कडा गोल झाल्या होत्या. "याला ३/१६ इंची लागते. म्हणजे ४.७६. पाचची जाणार नाही, साडेचारची जाते पण धरत नाही. कोणीतरी साडेचारची घालून फिरवलंय." ते दुकानाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. मी त्या साडेचारवरच अडकून बसले होते, पाव मिलिमीटरच्या फरकाने हा बास भंगारात गेला असता.

त्यांनी ड्रॉवरमधून इंची सेट काढला, नवी कोरी, टोकाच्या कडा एकदम शाबूत असलेली की, ती हलक्या हाताने ठोकून आत बसवली, आट्यांवर तेलाचा एक थेंब सोडून चहा घेतला. वीस मिनिटं. मग फिरवलं ते उलट, सैल करायच्या दिशेने. आधी सैल होतोय ना ते बघायचं, जाम रॉड आवळायला गेलं की तुटतो आणि तुटला की फ्रेटबोर्ड उखडल्याशिवाय निघत नाही. नट सुटला. तो पूर्ण बाहेर काढल्यावर खरी गोष्ट कळली: आटे संपलेच होते, नट शेवटाला जाऊन टेकत होता, म्हणून कितीही जोर लावला तरी पुढे जाणार कसा.

बास ठेवून जा म्हणाले. एक आठवडा, कदाचित जास्त. अंदाज १,८०० रुपये, झालं नाही तर ३०० फक्त. मला हे फार आवडलं, आधीच दोन्ही आकडे सांगितले.

मधे एकदा शनिवारी गेले तेव्हा काम चालू होतं आणि त्यांनी बसू दिलं. तारा काढून, चार स्क्रू खोलून नेक बॉडीपासून वेगळा केलेला. फ्रेटच्या बाजूला ॲल्युमिनियमचा जाड चौकोनी पाइप, दोन टोकांना रबर लावलेल्या लाकडाच्या पॅकिंग, आणि मधोमध क्लॅम्प. बाक म्हणजे मधला भाग खोल गेलेला, तर टोकं टेकवून मधला भाग पाइपकडे ओढायचा, सरळच्या थोडा पलीकडे, उलट बाजूला. क्लॅम्पचा रोज अर्धा फेरा. तसा दाबून ठेवलेला असताना रॉडच्या नटच्या मागे दोन वॉशर घातले, म्हणजे आटे परत मिळाले, आणि नट हाताने फिरेल तितका आवळला. ही गंमत मला फार पटली. रॉडच्या जोरावर लाकूड ओढायचंच नाही, लाकूड क्लॅम्पने आणायचं आणि रॉडने फक्त धरून ठेवायचं. नट आणि रॉड दोघांवर ताण येत नाही.

गरम करून करतात ना काही जण, असं मी विचारलं. करतात म्हणाले, फ्रेटबोर्ड आणि नेकमधला गोंद उष्णतेने मऊ पडतो, दोन लाकडं एकमेकांवर किंचित सरकतात, थंड झालं की तशीच बसतात. "पण तुमचा याच कारणाने वाकलाय ना? माळ्यावर तेच झालं. मी परत भाजणार नाही, आधी थंड्याने बघू." आणि ते पण नाही जमलं तर फ्रेट काढून फ्रेटबोर्ड रंधून नवीन फ्रेट बसवायचे, त्याचा खर्च त्या बासच्या किमतीच्या बरोबर जाईल, तेव्हा तो विचार तुम्ही करा म्हणाले.

तिथे कोपऱ्यात एक मिरजेचा तानपुरा होता, कोणाचा तरी दुरुस्तीला आलेला. त्याची जवारी (घोडी घासून झंकार जुळवणं) ते करत नाहीत, ती मिरजेलाच पाठवतात, फक्त खुंट्यांचं काम होतं. पण त्यांनी तार छेडली आणि तो भरलेला झंकार खोलीभर पसरला, आणि मला एकदम जाणवलं की तिथे घोडीवर तार हलकेच घासावी म्हणून कारागीर दिवसभर कानस मारतो, धागा सरकवून ती जागा शोधतो, आणि इथे फ्रेटवर तार घासू नये म्हणून आपण केसाच्या जाडीएवढं मोजतोय. दोन्ही कामं तारेच्या खालच्या त्याच एवढ्याशा फटीची. मी त्या दिवशी एक तास जास्त बसले.

अकराव्या दिवशी फोन आला. तारांचा नवा सेट मीच आणायचा होता, ते तारा ठेवत नाहीत, तो मला बाहेर २,१०० ला पडला (इंचाच्या हजार भागांत ४५ ते १०५ जाडीचा). तारा चढवून सुरात लावल्या आणि एक रात्र तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी आठव्या फ्रेटवरची फट ०.४५. मग माझ्या समोर पाव फेरा, परत सूर, पंधरा मिनिटं थांबून मोजलं, ०.३५. "आज एवढं बास. लाकडाला बसू द्या. पुढच्या रविवारी या." पाव फेऱ्याच्या वर एका वेळी जात नाहीत. पुढच्या रविवारी काही न करता ०.३ वर आला होता.

त्यानंतर सॅडल. सतराव्या फ्रेटवर ईला २.४ आणि जीला (सगळ्यात बारीक तार) २ मिलिमीटर, मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) सारखा येईपर्यंत प्रत्येक सॅडल मागेपुढे. क्रम हाच, आधी नेक, मग उंची, मग हे सूर जुळवणं, कारण आधीचं बदललं की पुढचं सगळं बदलतं.

आता जे झालं नाही ते पण लिहिते. सतराव्याच्या पुढे, जिथे नेक बॉडीला स्क्रूने बसतो तिथे लाकडाला थोडा उठाव राहिलाय. रॉडचा जोर तिथपर्यंत पोचत नाही. जीच्या तारेवर अठरा-एकोणीसला बारीक खरखर आहे, ॲम्पमधून ऐकू येत नाही, नुसती वाजवली तर येते. तिथले फ्रेट घासून काढता येतात म्हणाले, पण "तुम्ही तिकडे वाजवता का?" मी म्हटलं नाही. "मग फ्रेटची उंची कशाला घालवायची, हवं तेव्हा या." दुसऱ्या कोणी त्याचे हजार रुपये सहज लावले असते.

बाकी तक्रारी: ते इलेक्ट्रॉनिक्स करत नाहीत. व्हॉल्यूमचा पॉट (आवाजाचं फिरवायचं बटण) खरखरतोय तो तसाच आहे, आणि हे त्यांनी नेताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी गृहीत धरलं होतं की सगळंच होईल. पावती नाही. तारीख पक्की देत नाहीत, आठवडा म्हणाले आणि हातात यायला जवळजवळ तीन आठवडे गेले, आमची पहिली प्रॅक्टिस मी दुसऱ्याचा बास मागून केली. गाडी लावायला तिथे जागाच नाही, मी ॲक्टिव्हा लांब लावून बास पाठीला अडकवून चालत गेले आणि जूनचा पाऊस होता, तेव्हा चांगली जाड बॅग घेऊन जा.

एकूण १,८०० च घेतले. वॉशर, तेल, दोन वेळा परत मोजणं, सगळं त्यात.

ऑक्टोबरमध्ये पावसाळा संपून हवा एकदम कोरडी झाली तेव्हा पहिल्या दोन-तीन फ्रेटवर अचानक खरखर यायला लागली. मी घाबरले की परत गेलं सगळं. काकांनी मोजलं, ०.१५. "लाकूड आहे, हवेप्रमाणे हलणारच." पाव फेऱ्याच्या अर्धा सैल केला, दहा मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. आणि ती की कशी धरायची, किती फिरवायची ते मला स्वतःच्या हाताने करायला लावलं. मी बोहरी आळीतून ३/१६ ची चांगली की आणि एक फिलर गेज घेऊन ठेवलाय, महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहिते. नोव्हेंबर ०.३, डिसेंबर ०.३, जानेवारी ०.२८.

बास आता माळ्यावर नाही. हॉलमध्ये आतल्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही तिथे स्टँडवर. डिसेंबरमध्ये दादा आला होता, त्याने उचलला, ट्यून केला, पहिल्या फ्रेटपासून वरपर्यंत एकेक स्वर सावकाश वाजवत गेला आणि काही बोललाच नाही, परत पहिल्यापासून वाजवायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो तारखेचा आणि पॉटबद्दल आधी न सांगण्याचा. ज्यांना जायचंय त्यांनी मला वेगळा मेसेज करा, पत्ता देईन, पण संध्याकाळी पाचनंतरच जा, आणि तारा काढून नेऊ नका, सुरात लावलेल्या असू द्या, नाहीतर मोजता येत नाही म्हणून काका तसेच परत पाठवतात.